तांब्या, पितळी आणि निर्लेप

लातूर-नांदेडकडच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात जाऊन ‘स्टीलचा तांब्या दाखवा’ म्हणा. दुकानदार फळीवरून दोन-तीन काढून समोर ठेवील. या मागणीत काही विसंगत आहे असे त्याला वाटत नाही, गिऱ्हाइकालाही वाटत नाही. तांब्या म्हणजे मुळात तांब्याचा. धातूचे नाव भांड्याला पडले, पुढे भांड्याने तो धातू सोडला, आणि नाव मात्र फुगीर पोट, आवळलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ यांच्याजवळच राहिले. आज ‘तांब्या’ ऐकल्यावर डोळ्यांसमोर आकार येतो, धातू येत नाही.

पितळीचेही तसेच. मराठवाड्यातल्या खेड्यात उभ्या काठाची जी खोलगट थाळी जेवायला घेतात ती पितळी. तिच्यात दूध-भाकर कुस्करायची, वरणात भाकर चुरायची. ही पितळी आता बहुधा स्टीलची असते, मधल्या काळात अॅल्युमिनियमचीही होती, पण आजी नातवाला सांगते ती ‘पितळी घे’ असेच. आणि अॅल्युमिनियमला तरी आपल्याकडे अॅल्युमिनियम कोण म्हणत होते? ‘जर्मनचं पातेलं’, किंवा जीभ आणखी सैल सोडून ‘जर्मलचं’. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणत. त्यात चांदीचा अंशही नसे. रंग तेवढा चांदीसारखा. पुढे त्याहून हलका आणि स्वस्त असा दुसरा पांढरा धातू बाजारात आला तेव्हा लोकांनी ‘सिल्व्हर’ गाळले आणि ‘जर्मन’ हे नाव त्याला देऊन टाकले. एका देशाचे नाव चुलीवर चढून धातूचे नाव झाले. नंतर कारखान्यांनी ‘हिंद’ आणि ‘अॅल्युमिनियम’ यांची सांगड घालून ‘हिंडालियम’ हा शब्द काढला आणि तोही भांड्यांच्या दुकानात चांगला रुळला.

भांड्यांच्या नावांत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. धातू येतात आणि जातात, कारखाने उभे राहतात, नव्या घाटाची नवी मालिका बाजारात येते. नाव टिकते ते कामाला आणि आकाराला धरून. ते टिकवणारा माणूस स्वयंपाकघरातला असतो.

‘भांडे’ हा शब्दही पूर्वी एवढा लहान नव्हता. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे पात्र, तसाच व्यापाऱ्याचा माल, सामानसुमान, हत्यारे-अवजारेसुद्धा. माल ठेवायची जागा ती ‘भाण्डागार’, तिचे आपण ‘भांडार’ केले. व्यापारात गुंतवलेल्या मालाचे मोल ते ‘भाण्डमूल्य’, त्याचे झिजत झिजत ‘भांडवल’ झाले. म्हणजे कारखाना काढणारा उद्योजक बँकेकडे ज्यासाठी जातो ते भांडवल आणि त्याच्या कारखान्यातून बाहेर पडते ते भांडे, हे दोन शब्द सख्ख्या नात्यातले आहेत. लातूरपासून जवळच असलेल्या तेरला, म्हणजे जुन्या तगर नगराला, हा दुहेरी अर्थ चांगला शोभून दिसतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे; इथला माल गाड्यांवर लादून पश्चिमेच्या बंदरांकडे जाई. तेरच्या संग्रहालयात आज आपण मातीची पात्रे पाहतो आणि त्यांना भांडी म्हणतो. सातवाहन काळातल्या व्यापाऱ्याने गाडीवर लादलेले कापडसुद्धा ‘भाण्ड’च होते.

‘थाळी’चा प्रवास याहून वेगळ्या वाटेने झाला. संस्कृतातली ‘स्थाली’ चुलीवर चढायची. तिच्यात भात शिजायचा. शितावरून भाताची परीक्षा असे आपण म्हणतो, त्याला संस्कृतात ‘स्थालीपुलाकन्याय’ असे नाव आहे. गृह्यसूत्रांतला ‘स्थालीपाक’ म्हणजेही अशा भांड्यात शिजवलेल्या अन्नाचा विधी. आपल्यापर्यंत येईतो ती चुलीवरून उतरली, चपटी झाली आणि पानाच्या जागी येऊन बसली. तिची जुनी आठवण ‘थालीपीठ’ या शब्दात आहे: स्थाली आणि पिष्ट, भांड्यात लावून भाजलेले पीठ. मराठवाड्यात मात्र याच कुळातल्या पदार्थाला आपण धपाटे म्हणतो. पाठीत बसतो तो धपाटा, आणि ओल्या फडक्यावर पीठ थापताना हाताचा होतो तोही धप धप असाच आवाज. एका शब्दाने भांडे लक्षात ठेवले, दुसऱ्याने हात. मला धपाटे हा शब्द जास्त जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण मी मराठवाड्याचा आहे एवढेच नाही. त्यात करणारी बाई ऐकू येते.

आता कढई. संस्कृत ‘कटाह’, प्राकृत ‘कडाह’. मधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, शेजारचा ‘ह’ त्यात मिसळला आणि ‘ढ’ तयार झाला; मागे लहानपणा दाखवणारी ‘ई’ लागली. ‘कढणे’, ‘कढी’, ‘कढण’ हे शब्द कढईच्या शेजारी बसतात, म्हणून ते तिच्यातूनच आले असतील असे वाटते. त्यांचे मूळ वेगळे आहे: ‘क्वथ्’, म्हणजे उकळणे. दोन वेगळ्या घरांतले शब्द एकाच चुलीशी आल्यामुळे एकसारखे दिसू लागले. ‘कटाह’ची झेपही मोठी होती. विश्वाची कल्पना करणाऱ्यांनी आकाशाच्या अर्धगोलाला ‘ब्रह्मांडकटाह’ म्हटले.

या शब्दाचे मधले रूप, ‘कडाह’, मराठीने टाकून दिले. पण ते ऐकायचे असेल तर मराठवाड्याबाहेर जायला नको, नांदेडला जावे. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, म्हणजे आपण ज्याला नुसते गुरुद्वारा म्हणतो ते, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे गोदावरीकाठी ज्योतीज्योत समावले. तिथे हातावर पडणारा गरम, तुपाळ प्रसाद म्हणजे ‘कडाह प्रसाद’. कणीक, तूप आणि साखर ज्या मोठ्या लोखंडी भांड्यात परतली जाते त्याचेच नाव प्रसादाला मिळाले. नांदेडच्या मराठी घरातली कढई आणि गुरुद्वाऱ्यातला कडाह यांच्यामध्ये अंतर आहे ते एका ‘ह’चे. पंजाबीने तो जपला, मराठीने ‘ड’च्या पोटात घातला.

गुरुद्वाऱ्याच्या परंपरेत ‘सरबलोह’ हाही शब्द आहे: सगळे लोखंड. शिखांतल्या निहंग सिंगांचा कडक नियम पाळणारे लोखंडाच्या भांड्यांतच रांधतात आणि जेवतात. आजच्या जाहिरातींत लोखंडी कढई पुन्हा मानाने मिरवते आहे. ती इथे कधी पदच्युत झालीच नव्हती. आणि ‘देग’! फारसी शब्द, मोठा हंडा असा अर्थ. त्याचे लहान रूप ‘देगची’, आपली डेगची. शिखांच्या घोषात देग, तेग आणि फतेह हे तीन शब्द एकत्र येतात: हंडा, तलवार आणि विजय. शीख सेनानी बंदासिंग बहादूर नांदेडलाच गुरू गोविंदसिंगांना भेटला आणि इथूनच पंजाबकडे निघाला. त्याच्या फारसी मुद्रेवर हे शब्द होते. राजमुद्रेवर तलवारीच्या आधी स्वयंपाकाच्या भांड्याचे नाव कोरलेले आहे, हे मला फार मोठे वाटते. राज्य कशासाठी करायचे याचे उत्तर त्या क्रमात आहे.

डेगचीसारखे फारसी शब्द मराठवाड्यात पाहुणे म्हणून राहिले नाहीत. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता; कचेरी, शाळा आणि बाजार उर्दूत चालत. रकाबी, तबक, पेला, चमचा हे शब्द पुण्यातही आहेत, पण आमच्याकडे ते शेजारघरातून रोज ऐकू येत असल्याने त्यांचा फारसीपणा जास्त ताजा राहिला. ‘तवा’ हा असाच. तो फारसी ‘ताबा’, ‘तावा’ या रूपांशी जोडतात, तापणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. आणि तो इराणी धातू संस्कृत ‘तप्’चा सख्खा भाऊ. म्हणून ‘तवा तापला’ म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो, एकदा इराणच्या वाटेने आलेले आणि एकदा घरचे.

दक्षिणेकडची वाट आणखी जुनी. लातूरचे निलंगा, देवणी, उदगीर हे तालुके बिदरला लागून. नांदेडचे देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट तेलंगणाला लागून. ‘गाडगं-मडकं’ ही जोडी आपण किती सहज उच्चारतो. कन्नडात ‘गडिगे’ आहे आणि ‘मडके’ही आहे. पाणी भरायची ‘बिंदगी’ लातूर-सोलापूरकडे घराघरांत असे. ती कन्नडात ‘बिंदिगे’ आणि तेलुगूत ‘बिंदे’. लातूर हे गावाचे नावही शेवटी ‘ऊर’ घेऊन उभे आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूर’ या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवून घेत. गावाचे नावच जिथे दक्षिणेचे, तिथे पाण्याचे भांडे दक्षिणेचे असणारच.

तिसरी वाट समुद्रावरून आली, आणि ती थेट भाकरीच्या पिठात उतरली. ज्वारीचे पीठ मळायचे ते काटवटीत. त्या शब्दाच्या तोंडाशी ‘काष्ठ’ आहे, काटवट लाकडाची. आता बहुतेक घरांत ती जाऊन परात आली, आणि ‘परात’ हा शब्द पोर्तुगीज ‘प्रातो’शी, म्हणजे ताटलीशी जोडला जातो. पोर्तुगीज शब्दांनी आशियाच्या भाषांत कुठे कुठे घर केले याचा मोठा शोध गोव्याच्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी घेतला. त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला. ‘घमेले’ही पोर्तुगीज: ‘गामेला’ म्हणजे लाकडाची काटवट. लाकडाचे नाव लोखंडाला लागले आणि हल्ली काळ्या प्लास्टिकलाही. जेवायची ताटली मराठवाड्यात येऊन पीठ मळायची परात झाली, आणि पिठाची काटवट वाळू-सिमेंटचे घमेले.

भांड्यांच्या शब्दांत माझा सर्वांत आवडता शब्द कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवले की ते कळकते. ‘कळकणे’ हा शब्द भाषेला किती नेमकेपणाने सापडला आहे पाहा: नासणे वेगळे, आंबणे वेगळे, विटणे वेगळे, आणि धातूच्या संगतीने बिघडणे ते कळकणे. त्यावरचा उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कल्हईवाला दारात यायचा, जमिनीत खड्डा करून भाता जोडायचा, भांडे सांडशीत धरून निखाऱ्यावर तापवायचा. मग नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा तिखट धूर उठायचा, कथलाची कांडी तापल्या धातूला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत ते वितळलेले कथील सगळीकडे पसरायचे. काळे पडलेले पातेले क्षणात आतून चांदीसारखे उजळे.

या एवढ्याशा कामातला प्रत्येक शब्द लांबून आलेला आहे. ‘सांडशी’ म्हणजे संस्कृत ‘संदंश’, दोन्हीकडून चावणारी. ‘कथील’ म्हणजे ‘कस्तीर’, आणि त्याचे नाते ग्रीक ‘कासितेरोस’शी आहे. ‘नवसागर’चा ना ‘नव’शी संबंध ना ‘सागरा’शी, तो फारसी ‘नौशादर’. परका आवाज कानावर आला आणि मराठी माणसाने त्याला आपल्या ओळखीचे दोन शब्द घालून दिले. नवसागर म्हणताना कोणाला आज परके वाटत नाही. आणि ‘कल्हई’ हा अरबी ‘कलई’, म्हणजे कथीलच. अरब भूगोलकार सांगतात की हा धातू ‘कलाह’ नावाच्या जागेहून येतो, म्हणून त्याचे हे नाव. ही कलाह मलाया द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर होती, आणि आजचे केडाह ते हेच असे अनेक अभ्यासक मानतात. या केडाहचे संस्कृत ग्रंथांतले नाव ‘कटाह’. कथासरित्सागरात कटाहद्वीप येते, आणि राजेंद्र चोळाने १०२५च्या सुमारास ज्या ‘कडारम’वर आरमार नेले ते हेच. कथलाच्या खाणींचा तो मुलूख.

ही ओळख मान्य केली तर ‘कढईला कल्हई लावली’ या वाक्यात एक नवल घडते. कल्हई हे नाव ज्या बंदरावरून आले त्याला आपले पूर्वज कढईच्याच नावाने ओळखत होते. त्या बंदराला कटाह का म्हणाले हा वेगळा प्रश्न. स्थानिक नाव कानाला ओळखीच्या शब्दासारखे लागले आणि नवसागरासारखेच झाले, असे मला वाटते.

भांडी घडवणे हे काम ज्यांचे, त्यांची नावेही धातूंची. ‘कांस्यकार’चा कासार, ‘ताम्रकुट्ट’चा तांबट, तांबे कुटणारा. तांबट भांडे घडवून वर हातोडीचे बारीक ठसे उमटवतो, त्याला मठारणे म्हणतात. ते दिसायला नक्षीसारखे असले तरी त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि कणखर होतो. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यात कासारसिरसी आणि कासार बालकुंदा ही गावे आहेत. कासारांची वस्ती गावाच्या नावात इतकी मुरली की आज तिथे कोण काय घडवतो हे न विचारताही नाव सांगत राहते.

कल्हईत एक अडचण होती आणि तिच्यामुळे आपल्या स्वयंपाकघराची वाटणी ठरली. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पाणी असेपर्यंत भांडे शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून शिजवायचे ते कल्हईच्या भांड्यात. भाजताना ओल नसते, तापमान भराभर चढते, कल्हई पाझरून गोळा होते. म्हणून भाजायचे ते लोखंडी तव्यावर किंवा मातीच्या खापरावर. शिजवणे आणि भाजणे या दोन क्रियांची भांडीच निराळी. लोखंडाच्या तव्यावर पदार्थ चिकटू नये म्हणून मग तेल, कांद्याचा अर्धा तुकडा, आणि वर्षानुवर्षे त्याच तव्यावर भाजत राहणे. तव्याचा तो काळा, तुळतुळीत मुरलेपणा हा घरचा लेपच.

इथे मराठवाड्याने भारताला एक शब्द दिला. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. तिथल्या भोगले कुटुंबाने १९६८च्या सुमारास चिकटत नाहीत अशी भांडी बनवायचा उद्योग सुरू केला. भारतात तोवर हे कोणी केले नव्हते. ज्या पदार्थाचा थर द्यायचा तो अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अपघाताने सापडला होता. पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेगवार यांनी तो अॅल्युमिनियमवर बसवण्याची युक्ती काढली आणि १९५०च्या दशकात ‘टेफाल’ बाजारात आले. अवघड काय तर हे: ज्याला काहीच चिकटत नाही असा पदार्थ धातूला तरी कसा चिकटवायचा? त्यासाठी अॅल्युमिनियमची गोल चकती प्रेसमध्ये दाबून तव्याचा आकार द्यायचा, पृष्ठभाग खरवडून खरखरीत करायचा, त्यावर अस्तराचा हात, मग वरचा थर फवारायचा आणि सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत तो पक्का करायचा. डोसा लागण्याआधी तो तवा स्वतः एकदा भाजून निघालेला असतो.

या भांड्यांना भोगले यांनी नाव दिले ‘निर्लेप’. इतके नेमके नाव मराठी उद्योगात मला दुसरे आठवत नाही. ‘लिप्’ या धातूचे सगळे गोत मराठीत नांदते: लिंपणे, लेप, लेपन, लिप्त, अलिप्त. त्या काळात वर्तमानपत्रे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाला ‘अलिप्ततावाद’ म्हणत होती. आणि ‘निर्लेप’ हा शब्द त्याच्याही कितीतरी आधीपासून कीर्तनात होता. संसारात राहून ज्याला संसार लागत नाही तो निर्लेप. दाखला कमळाच्या पानाचा. पाण्यात असून पाणी न धरणारे ते पान, आणि धिरडे पडल्यावर सहज सुटू देणारा तवा. निर्लेप या शब्दाचा अर्थ न समजावता कळेल अशा लाखो घरांत ते भांडे जायचे होते, कारण त्या घरांनी तो शब्द हरदासाच्या तोंडून ऐकलेला होता.

कोणी विचारील, या तव्याला तर मुद्दाम लेप दिलेला. मग तो निर्लेप कसा? व्याकरण याचे उत्तर देते. ज्याला लेप लागत नाही तो निर्लेप. यातला लेप अन्नाचा आहे, कारखान्याचा नाही. कारखान्याने दिलेला थर अन्नाचा थर टाळण्यासाठी आहे. कल्हईचेही हेच होते, म्हणून मी या तव्याला कल्हईचा वारसदार मानतो. दोघांचे भय एकच, कोरडी आच. हा थरही २६० अंशांच्या पुढे रिकामा तापवला की बिघडू लागतो, आणि लोखंडी उलथने त्याला चालत नाही. नव्या तव्याबरोबर लाकडी उलथने घरात आले तेव्हा काटवटीबरोबर गेलेले लाकूड पुन्हा चुलीजवळ आले.

पुढे या नावाचे जे झाले ते फार थोड्या नावांच्या भाग्याला येते. कोणत्याही कंपनीचा चिकटत नसलेला तवा मराठी घरात ‘निर्लेपचा तवा’ किंवा नुसता ‘निर्लेप’ झाला. २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सने कंपनीचा बहुतांश वाटा घेतला, मालकी बदलली. शब्द घरांनी आपल्याकडे ठेवून घेतला.

नव्या भांड्याला नाव देण्याची मराठीची स्वतःची एक रीत आहे, आणि नवी मालिका आखणाऱ्यांनी ती पाहावी असे मला कळकळीने वाटते. ती रीत म्हणजे ‘पात्र’. ‘पा’ म्हणजे पिणे, पिण्याचे साधन ते पात्र. त्यातूनच पुढे लायक या अर्थाचे पात्र, नाटकातले पात्र, आणि पातेलेही त्याच कुळातले. पिण्याशी संबंध केव्हाच सुटला, पण ओतीव खळग्यांचा नवा घाट आला की आपण तो या शब्दाच्या ओटीत घालतो: इडलीपात्र, ढोकळापात्र, मोदकपात्र, आप्पेपात्र. पदार्थ आधी, पात्र मागून. आप्पेपात्र उदगीर-निलंग्याकडे कर्नाटकातून आले, आणि नाव इथे घडले. उलट ‘कुकर’ला आपण इंग्रजीत ठेवले आणि त्याच्या ‘शिट्टी’ला मराठीत. तिचे आपण काळाचे मापही केले; तूर तीन शिट्ट्यांची.

भाजायच्या भांड्यांकडे, म्हणजे केक-पाव-बिस्किटांच्या भांड्यांकडे आले की ही रीत थबकते. दुकानातल्या खोक्यांवर ‘मोल्ड’, ‘टिन’, ‘ट्रे’. भाजण्याची भाषा आपल्याकडे गरीब आहे म्हणावे तर तसे नाही. ‘भृज्ज्’वरून भाजणे आणि थालीपिठाची भाजणी, ‘भ्राष्ट्र’वरून भट्टी, आणि त्याच घराण्यातला भडभुंजा. ‘तंदूर’ हैदराबादेच्या वाटेने आला, त्याचा माग मेसोपोटेमियाच्या अक्कदी भाषेपर्यंत लागतो. ‘पाव’ पोर्तुगीज ‘पांव’पासून; पायाने मळतात म्हणून पाव ही नुसती दंतकथा. ‘ओव्हन’सुद्धा वाटतो तितका परका नाही. यज्ञात अग्नी ज्या मातीच्या भांड्यात जपत त्याला वेदात ‘उखा’ म्हणत, आणि ओव्हनचे जुने जर्मनिक पूर्वज व उखा एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. कधीकाळी दोन्हीही भांडीच होती.

शिवाय बायकांनी वाट काढलेलीच होती. दिवाळीआधी नानकटाईचे पीठ मळून बेकरीत न्यायचे आणि तिथल्या पत्र्यांवर भाजून आणायचे. तो ‘पत्रा’ म्हणजे आजचा ट्रे. घरचा केक कुकरमध्ये: शिट्टी आणि रबर काढून ठेवायचे, तळाला वाळू किंवा मीठ तापवायचे, वर जाळी, आणि तिच्यावर तूप-मैदा लावलेला कुकरचा डबा. ज्यात भातवरण शिजते त्याच डब्यात केक. आणि ‘साचा’ हा शब्द तर आयता हाताशी: संस्कृत ‘सञ्चक’, ज्यात ओतून आकार घ्यायचा ते. पेढ्याचा साचा, विटेचा साचा, मूर्तीचा साचा आपण म्हणतोच.

मराठवाड्यात उद्या कोणी भाजायच्या भांड्यांची नवी मालिका काढली, तर खोक्यावर ठळक देवनागरीत ‘पावाचा साचा’, ‘केकपात्र’, ‘नानकटाईचा पत्रा’ असे छापावे, आणि खाली इंचांत माप द्यावे. ‘केकचं भांडं द्या’ असे म्हणत लातूरच्या दुकानात आजही बाई उभी राहते. तिला काय हवे ते दुकानदाराला कळते. खोक्यावर तेवढे ते लिहिलेले नसते.